चार नंबरचं कॉशन डिपॉझिट

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, आणि अक्षर तर शाळेतल्या बाईंनाही लागत नसे, म्हणून आधीच माफी मागते. ही वही खरं तर फॉल-पिकोला आलेली कुठली साडी कुणाची, ते लिहायची आहे. मागची पानं कोरी राहिली होती. कुणाला दाखवायची नाहीत. पण कुणाच्या हाती पडलीच, तर वेंकोबराव कोण होते ते कळावं म्हणून नीट पहिल्यापासून लिहिते.

आमच्या म्हैसूरच्या अग्रहारातल्या गल्लीत रोज संध्याकाळी साडेसहाला वेंकोबराव मांजरांची हाजिरी घेत. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात टॉर्च. बाहेर लख्ख उजेड असला तरी टॉर्च. पाच घरांपुढे थांबून विचारत, "एक नंबर?"

"आत आहे, सार!"

"दोन नंबर?"

"आत, सार!"

एकदा तीन नंबरवाल्या बाई म्हणाल्या, "मांजर आत आहे सार, पण आमचे यजमान अजून आले नाहीत." वेंकोबराव म्हणाले, "ते माझ्या हाजिरीत नाहीत," आणि पुढे गेले.

तीस-बत्तीस वर्षं ते मुलांच्या एका हॉस्टेलचे वॉर्डन होते. रिटायर झाले, बायको गेली, मुलगी बंगळूरला. हॉस्टेल सुटलं पण वॉर्डनपण सुटलं नाही. गटाराच्या कडेला, बाजाराच्या मागे सोडून दिलेली मांजरीची पिल्लं ते उचलून आणत, पुठ्ठ्याच्या खोक्यांत वाढवत आणि चांगलं घर बघून देत. खोक्यांवर नंबर. पिल्लाला नाव ठेवायचं नाही हा नियम. "नाव ठेवलं की माया लागते, नोडम्मा. नंबर बरा. नंबर कोणालापण देता येतो."

त्यांच्या घरात मराठी आहे चारपाच पिढ्यांची, पण कन्नडच्या शेजाराने ती निम्मी कन्नड झालेली. 'नोडम्मा' म्हणजे बघा बाई, 'स्वल्प' म्हणजे थोडं, 'सरी' म्हणजे ठीक, आणि वाक्याच्या शेवटी 'अल्लवा', म्हणजे नाही का. मी निपाणीची. हे आधी पिरियापट्टणला तंबाखूच्या गोदामात होते, मग म्हैसूरला बदलून आले. वेंकोबरावांचं बोलणं मला पहिल्यांदा अर्धंच कळायचं. उरलेलं अर्धं विचारायला लाज वाटायची.

उंदरांनी गिऱ्हाइकाची एक रेशमी साडी कुरतडली तेव्हा मी मांजर मागायला त्यांच्याकडे गेले. दारात दहा मिनिटं उभीच होते. शेवटी त्यांनीच दार उघडलं.

"घराला दारं किती?"

"दोन."

"खिडक्या?"

"तीन."

"घरात निर्णय कोण घेतं?"

"हे."

"आणि मांजराचं खाणं, पाणी, शी-शू कोण बघणार?"

"मी."

"मग डिपॉझिट तुमच्या नावावर."

मला वाटलं मांजर फुकट असतं. ते म्हणाले, "मांजर फुकटच. हे कॉशन डिपॉझिट. प्रत्येक हॉस्टेलात असतं. पाचशे रुपये. मोडतोड झाली की पन्नास कट. सगळे संपले की सीट कॅन्सल, मांजर परत. आणि मांजर शिस्तीत राहिलं, माझं इन्स्पेक्शन संपलं, की पुरे पैसे परत आणि फाईल बंद. सरी?"

फॉल-पिकोचे साठवलेले पाचशे मी दिले आणि चार नंबरच्या खोक्यातलं पिल्लू पदराखाली घेऊन आले. पांढरं, पाठीवर पिवळे ठिपके. मी घरी येताच तिचं नाव बुंदी ठेवलं. ह्यांनी विचारलं, "हे मांजर उंदीर खातं का नोटा?"

पहिले पन्नास तिसऱ्याच दिवशी गेले. वेंकोबराव आले, आणि छत्री टेकून सरळ गुडघ्यांवर बसले. शिवणाच्या मशीनखाली टॉर्च मारला. "हे काय?"

"दोऱ्याची रीळ."

"मांजर दोरा गिळतं. आतडी कापली जातात. बाहेर ऑटो मारतं, आत आपला दोरा मारतो. कट!"

दुसरे पन्नास मागच्या दाराचे. मी दार उघडं ठेवून वाळत घातलेल्या साड्या काढत होते आणि बुंदी उंबऱ्यावर बसली होती. बाहेर नव्हे, उंबऱ्यावर. मी म्हटलं, "काका, अर्धी आत आहे." ते म्हणाले, "पन्नासचे अर्धे पंचवीस होतात, पण सुटे नाहीत. कट!"

एकदा मात्र मी धीर करून बोलले. बुंदी दिवसभर खिडकीत बसून समोरच्या पेरूवरच्या चिमण्या बघायची. म्हटलं, "काका, आमच्या निपाणीला मांजर कुणी कोंडत नाही. ती येते, दूध पिते, जाते. मोकळी असते."

"परत येते?"

"येते की."

"सगळ्या आल्या?"

मी आठवायला लागले. एक भुरी होती, ती ट्रकखाली गेली. एक काळी, ती एका पावसाळ्यात दिसेनाशी झाली. एक पिल्लं घालून घालून वाळली, आणि तिची पिल्लं माझ्या भावाने पोत्यात घालून नदीपलीकडे सोडली. म्हातारी होऊन आमच्या चुलीजवळ मेलेली एकही मांजर मला आठवेना. इतकी वर्षं हे कधी मोजलंच नव्हतं.

ते हळू बोलले. "मांजर मोकळं आहे हे खरं, अम्मा. पण ते ऑटोवाल्याला माहीत नसतं. आणि मोकळं मांजर पेरूवर चढलं की त्या चिमण्यांचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जाळीची गुंडाळी आणि हातोडी घेऊन आले. मागचा न्हाणीपुढचा बोळ त्यांनी वरपासून खालपर्यंत जाळीने बंद केला, आत एक फळी ठोकली. तिथे ऊन येतं. "कोंडणं म्हणजे अंधारात ठेवणं नव्हे. हॉस्टेललापण गच्ची असते, अल्लवा?" बोटाला हातोडी लागून रक्त आलेलं. जाळीचे पैसे घेतले नाहीत. पण जाताना पलंगाखाली सुई सापडली तेव्हा पन्नास कापले.

बुंदी सहा महिन्यांची झाल्यावर तिच्या ऑपरेशनला तेच घेऊन गेले. भाजीची एक टोपली, तिच्यावर उलटी दुसरी, मध्ये बुंदी, वरून सुतळी. ऑटोत मी आणि ते, टोपली त्यांच्या मांडीवर. सगळ्या रस्ताभर ते टोपलीला हॉस्टेलचे नियम सांगत होते. ऑटोवाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी बाहेर बघितलं.

असे करत करत माझ्या डिपॉझिटमधले पन्नास उरले. मी रात्री झोपताना रिळा मोजायची, सुया मोजायची. एक चूक झाली की बुंदी जाणार. दिवसा शिवताना ती माझ्या पायांशी मशीनखालच्या फळीवर झोपलेली असायची, तिच्या अंगाची ऊब पावलांना लागायची. हे घरी येईपर्यंत दिवसभर मी एक शब्द बोलत नसे. बुंदी आल्यापासून बोलायला लागले होते, "सरक गं," "ऊठ गं," एवढंच, पण बोलत होते.

दसऱ्याच्या आधी राजवाड्याजवळ तोफांची तालीम होते. हत्ती-घोड्यांना आवाजाची सवय व्हावी म्हणून. हत्तींना शिकवतात, मांजरांना कोण शिकवणार? एक बाई साडी द्यायला आल्या, मी दार उघडलं आणि तेवढ्यात पहिला बार झाला. बुंदी माझ्या दोन पायांतून सुटली. दुसऱ्या बाराला ती गल्लीच्या टोकाला होती. तिसऱ्याला दिसेना.

मी दार उघडंच टाकून धावले. चप्पल घातली नव्हती. वेंकोबरावांच्या दारात या वेळी दहा मिनिटं उभी राहिले नाही, दोन्ही हातांनी दार बडवलं. "काका, बुंदी गेली. सीट कॅन्सल करा, पण आधी शोधा."

ते छत्री न घेता निघाले. गल्लीगल्लीत हाका. "चार नंबर! ए चार नंबर!" कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून एक आजोबा उठून बाहेर आले, "माझाच नंबर आहे, कुठे यायचं?" मला त्या वेळीही हसू आलं आणि हसल्याबरोबर रडू आलं.

दिवे लागले. पाच वाजल्यापासून फिरत होतो. फुलवाल्या, नारळवाल्या, सगळ्यांना विचारून झालं. केळीच्या पानांचं एक दुकान बंद होत होतं. त्याच्या पायरीवर वेंकोबराव मटकन बसले. मग खाली वाकले, गाल जवळजवळ फरशीला टेकला आणि पानांच्या भाऱ्यांमागच्या अंधारात बोलले, "बुंदी... बा मगळे, बा."

ये पोरी, ये. त्यांच्या तोंडून मी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं. इतका मऊ आवाज त्यांच्याकडे आहे हे गल्लीत कुणाला माहीत नसेल.

तरी पंधरा-वीस मिनिटं लागली. ती आली तेव्हा अंगभर कोळिष्टकं. त्यांच्या हातावर तिने तीन ओरखडे काढले. त्यांनी सोडलं नाही.

परत येताना तिला छातीशी धरून ते म्हणाले, "आमच्याकडे एक सुंदरी होती. बायको म्हणायची, दार बंद ठेवा. मी म्हणायचो, मांजराला हवा पाहिजे. रोज सकाळी दार मीच उघडायचो. मीच." एक दिवस ती परत आलीच नाही. सुंदरीनंतर त्यांनी स्वतःसाठी मांजर ठेवलं नाही. आमच्या दाराशी बुंदीला माझ्या हातात दिलं.

मी म्हटलं, "काका, शेवटचे पन्नास संपले. ठेवून घ्या तिला."

"तोफांची तालीम आहे हे सांगायचं काम कोणाचं? वॉर्डनचं. सांगितलं का? नाही. चूक वॉर्डनची." त्यांनी खिशातून पन्नासची नोट काढली. "चार नंबरच्या डिपॉझिटमध्ये जमा. आता शंभर."

त्यानंतर उलटंच सुरू झालं. एक दिवस हाजिरीला दहा मिनिटं उशीर झाला, वॉर्डनची चूक, पन्नास जमा. जाळीचा एक खिळा गंजला, खिळा कुणी मारला? वॉर्डनने. पन्नास जमा. इन्स्पेक्शन चालूच, पण आता गुडघ्यांवर बसल्यावर लवकर उठत नसत. मी चहा ठेवायची. बुंदी त्यांच्या टॉर्चमागे धावायची. ते हॉस्टेलच्या गोष्टी सांगायचे, तीनशे मुलांची नावं त्यांना अजून पाठ होती. एकाचाही फोन येत नाही, हे ते सांगत नसत. मी विचारत नसे.

डिपॉझिट साडेचारशेवर आलं आणि थांबलं. दोन महिने वेंकोबरावांकडून एकही चूक झाली नाही. घड्याळ लावावं असे वेळेवर यायचे. पाचशे भरले की फाईल बंद, इन्स्पेक्शन बंद, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

मग एका संध्याकाळी त्यांची पावलं ऐकून मी मुद्दाम एक लाल रीळ मशीनखाली सोडली. बुंदीला आधी मागे जाळीत घातलं होतं. वेंकोबराव गुडघ्यांवर बसले. टॉर्च मारला. रीळ दिसली. मी वाट बघत होते, आता म्हणतील, कट. त्यांनी रीळ उचलली, फुंकर मारून धूळ उडवली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "चहात स्वल्प साखर जास्त घाल आज."

गेल्या महिन्यात मुलगी त्यांना न्यायला आली. गुडघे फारच गेले होते, एकटं राहणं जमेना. जायच्या आदल्या दिवशी साडेसहाला ते आले. पाकीट पुढे केलं.

मी म्हटलं, "साडेचारशेच आहेत ना काका? मग अजून इन्स्पेक्शन राहिलंय. जाळी बघा, एका कोपऱ्यात सैल झालीय."

त्यांनी जाळी बघितली. हाताने ओढून बघितली. घट्ट होती. आत फळीवर बुंदी शेवटच्या उन्हात पसरली होती. तिने एक डोळा उघडला आणि मिटला.

"वॉर्डन मुलं सोडून मधेच चालला," ते म्हणाले. "ह्याच्यापेक्षा मोठी चूक कुठली, अम्मा?" आणि वरच्या खिशातून एक नोट काढून त्यांनी पाकिटात घातली. "मोजून घे. हॉस्टेलात मोजून घेतात."

मी त्यांच्यासमोर मोजल्या. मध्ये चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. ते थांबले. पन्नासच्या दहा होत्या. पुरे पाचशे.