हेल्मेट जमा

राहनाळच्या गोदामातली पॅकिंगची नोकरी रूपाने सोडली त्याला दोन महिने झाले, पण शेवटचा पगार आणि हेल्मेटचं दोन हजारांचं डिपॉझिट तिथेच अडकलेलं. हिशेब बघणारे केसरीनाथ मोठे गोड बोलायचे. "उद्या या. सही करणारे बाहेर गेलेत." आता सही करणारा माणूस दोन-दोन महिने बाहेर असतो तरी कुठे, हे देवालाच ठाऊक!

सोमवारी रूपाला नव्या गोदामात हजर व्हायचं होतं आणि तिथेही आधी डिपॉझिट भरायचं होतं. जुने पैसे सुटले नाहीत तर नवी नोकरी गेलीच. अशात शनिवारी सकाळी केसरीनाथांनी फोनवर नवीनच काढलं. "आज पाचच्या आत हेल्मेट जमा करा. नाहीतर फाईल बंद!"

रूपाने कपाळाला हात लावला. दोन महिन्यांत हेल्मेटचं कुणी नाव काढलं नव्हतं, म्हणून तिच्या आईने, ठमाबाईने, ते पडवीत उलटं ठेवून त्यात सहा अंड्यांवर खुडूक कोंबडी बसवली होती.

"आये, उठव तिला. हेल्मेट द्यायचंय."

"खुळी झालीस का? आज एकविसावा दिवस हाय. पिल्लं आतून टोच्या मारतान. मी न्हाय उठवू देणार."

"मग माझी नोकरी?"

ठमाबाईने जरा विचार केला. "मग कोंबडीसकट देऊ."

झालं! टोपलीत हेल्मेट, हेल्मेटात कोंबडी, वर जुनं लुगडं, अशी वरात रिक्षाने खारबावहून निघाली आणि दहाच्या ठोक्याला केसरीनाथांच्या टेबलावर उतरली.

"हे काय?"

"हेल्मेट," रूपा म्हणाली. "जमा करा आणि पैसे द्या."

"आधी कोंबडी काढा!"

"तुम्हीच काढा, साहेब."

केसरीनाथांनी हात घातला आणि कोंबडीने त्यांच्या बोटाला अशी चोच मारली की साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

"सही करणारे जेवायला गेलेत," ते बोट चोखत म्हणाले.

"सकाळी दहाला?" ठमाबाईने विचारलं. "जेवू दे बिचाऱ्याला पोटभर. आम्ही बसतो."

आणि दोघी बसल्या. अकराला पहिलं अंडं फुटलं. पॅकिंगच्या मुलींना बातमी लागली, त्या टेबलाभोवती जमल्या. ट्रकचा ड्रायव्हर आला, "अरे वा, मुबारक हो!" म्हणून केसरीनाथांशी हात मिळवून गेला. दुपारपर्यंत पिल्लं वाळून फाईलींवर नाचायला लागली. एकाने हजेरीच्या वहीवर स्वतःची हजेरी लावली. माल भरायचा थांबला आणि बाहेर ट्रकांची रांग लागली.

तेव्हा कुठे आतल्या केबिनचं दार उघडलं आणि सही करणारे साहेब डोळे चोळत प्रकटले. दोन महिने ते तिथेच होते!

"काम का थांबलंय? किती द्यायचेत हिचे? देऊन टाका! आणि ते हेल्मेटही घेऊन जा म्हणावं!"

रूपाचा मोबाईल वाजला. पगार आणि डिपॉझिट, सगळं जमा. तिला हसूही येत होतं आणि रडूही. पिल्लं भराभर टोपलीत टाकून दोघी निघाल्या. जाताना तिने कोंबडीला वाटेत थांबून पाव खाऊ घातला.

घरी येऊन ठमाबाईने हेल्मेट झाडलं. टरफलं सहा अंड्यांची, पिल्लं पाच. तेवढ्यात फोन आला.

"रूपाताई!" केसरीनाथ रडकुंडीला आले होते. "तुमचं एक पिल्लू कपाटामागे राहिलंय. सारखं ओरडतंय. मोठे साहेब तापलेत. आत्ताच्या आत्ता घेऊन जा, हात जोडतो!"

ठमाबाईचे पाय तोवर चपलांत गेलेही होते. टोपली काखेला मारून तिने रूपाच्या हातातला फोन घेतला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली,

"उद्या बघू हां, बाबा. कोंबडी बाहेर गेलीय."