सपक खर्ड्याची चौकशी

कोल्हापूरच्या पंचधारा विद्यापीठात, पात्रता विभागात, जेवणाच्या सुट्टीत अधीक्षक आकाराम चौगले यांनी शेजारच्या टेबलावरचे वरिष्ठ सहायक भरमाप्पा कोरे यांच्या डब्यातला मिरचीचा खर्डा भाकरीला लावून खाल्ला आणि चारचौघांत म्हणाले, "भरमाप्पा, ह्यो खर्डा हाय का पुण्याचा मुरांबा?" विद्यापीठाच्या इतिहासात इतक्या थोड्या शब्दांत इतकं मोठं नुकसान कुणीही केलेलं नाही.

कोल्हापुरात माणसाला वाटेल ते बोलावं, तो दोन शिव्या हासडून वर चहा पाजतो. पण त्याच्या घरच्या जेवणाला सपक म्हणू नये, आणि पुण्याचं तर मुळीच म्हणू नये. भरमाप्पांनी डब्याचं झाकण लावलं. इतकी वर्षं दोघांची भाकरी एकाच वर्तमानपत्रावर मोडली जायची. दुसऱ्या दिवसापासून भरमाप्पा खिडकीकडे तोंड करून जेवू लागले. आकारामांशी बोलणं बंद.

आकारामांना हे फार लागलं. घरून आणलेली भाकरी घशाखाली उतरेना. खरं म्हणजे उठायचं, शेजारच्या टेबलापर्यंत जायचं आणि "चुकलं गा" म्हणायचं, एवढंच काम होतं. पण ज्याचा जन्म टिपण्या लिहिण्यात गेला, त्याला टिपणीशिवाय खुर्चीवरून उठवत नाही. त्यात ते विद्यापीठाच्या सुसंवाद कक्षाचे समन्वयक. कर्मचाऱ्यांमधले तंटे मिटवायला काढलेल्या या कक्षावर त्यांना नेमलं होतं, ते त्यांचं कुणाशीच भांडण नाही म्हणून. भांडण नव्हतं, कारण भरमाप्पा सोडले तर त्यांच्याशी कुणी बोलतच नसे. हे त्यांनाही माहीत होतं, पण नेमणुकीच्या आदेशात तसं लिहिलेलं नव्हतं.

"सर, जाऊन बोला की नुसतं," विभागातल्या स्वप्नाली मॅडम म्हणाल्या. "कोरेसरबी तुमच्याकडं बघतच असत्यात."

"बोलंन की, मॅडम. पर समन्वयकच असा परस्पर बोलाय लागला तर कक्षाला काय अर्थ ऱ्हातोय?"

मग आकारामांनी प्रकरण रीतसर दाखल केलं. तक्रारदार नव्हता, ती जबाबदारी त्यांनी स्वतः घेतली. आरोपी तर ते होतेच. त्यांनी स्वतःला नोटीस काढली, स्वतः ती स्वीकारली, उत्तराला मुदतवाढ मागितली आणि विशेष बाब म्हणून मंजूरही केली. भरमाप्पांना वेगळी नोटीस गेली: 'आपण बोलत नसल्याबाबत आपले म्हणणे लेखी सादर करावे.' भरमाप्पांनी तिची घडी घालून टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली सारली. टेबल हलायचं थांबलं. कक्षाच्या कारकिर्दीतला हा पहिला ठोस निकाल.

पुढची पायरी म्हणून भावना व्यक्त करण्याची कार्यशाळा ठेवली. तिला तज्ज्ञ आले पुण्याहून. याहून अवलक्षणी निवड करणं कक्षाला जमलं नसतं. तज्ज्ञांनी दोघांना समोरासमोर उभं केलं आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघा म्हणाले. आकाराम भरमाप्पांकडे बघत राहिले, भरमाप्पा पंख्याकडे.

"वादाच्या मुळाशी जाऊ या," तज्ज्ञ म्हणाले. "तो पदार्थ कुठे आहे?"

भरमाप्पांनी मुकाट्याने डबा पुढे केला. तज्ज्ञांनी नखाएवढा खर्डा जिभेवर ठेवला. उरलेली कार्यशाळा उचकीत गेली. ते शाल-नारळ न घेता पुण्याच्या गाडीत बसले, आणि अहवालात नोंद झाली: 'खर्डा पुणेरी नसल्याचे निर्विवाद सिद्ध झाले आहे. संबंधितांनी दिलगिरी व्यक्त करण्यास हरकत नाही.'

आकाराम हरखले. अखेर परवानगी मिळाली! त्यांनी कागदावर लिहिलं, 'भरमाप्पा, चुकलं माझं,' आणि मजकूर मान्यतेसाठी वर पाठवला. विधी अधिकाऱ्यांनी शेरा मारला: 'चुकलं या शब्दामुळे दायित्व निर्माण होते, तो वगळावा. माझं म्हणजे नक्की कुणाचं, हे स्पष्ट होत नाही, तेही वगळावे.' मजकुरात नुसते भरमाप्पा उरले. तो पुन्हा मान्यतेसाठी वर गेला आणि वरच राहिला.

दरम्यान, असे प्रकार पुन्हा घडू नयेत म्हणून कक्षाने परिपत्रक काढलं की दुसऱ्याच्या डब्यावर कुणी अभिप्राय देऊ नये. अभिप्राय बोलण्यातून येतो, म्हणून पुढच्या परिपत्रकाने जेवताना बोलणं बंद झालं. बोलणं एकत्र बसण्यातून येतं, म्हणून ज्याने त्याने आपापल्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून जेवावं असं ठरलं. तक्रारी साफ थांबल्या. सुसंवाद कक्षाला विद्यापीठाचा उत्कृष्टतेचा सन्मान जाहीर झाला. सभागृह एकदाच लागावं म्हणून भरमाप्पांचा निवृत्तीचा निरोपही त्याच समारंभात उरकायचं ठरलं.

आकाराम संवादाच्या महत्त्वावर भरभरून बोलले. माणसाने माणसाशी मोकळं व्हावं, असं त्यांनी माईकला कळकळीने सांगितलं. शेजारच्या खुर्चीत भरमाप्पा मांडीवर डबा घेऊन बसले होते. टाळ्या पुष्कळ पडल्या.

सभागृह रिकामं झालं, तेव्हा भरमाप्पा आपण होऊन आकारामांसमोर येऊन उभे राहिले.

"आकाराम, डॉक्टरनं तुला तिखट बंद केलतं न्हवं? मी घरात बोललतो तसं. म्हणून तुझ्या बसम्मावैनीनं त्या दिवशी मिरच्या कमी घातलत्या. तुझ्यासाठनं." त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. "तू काय म्हणालास ते तिला अजून सांगितलं न्हाई. रोज इचारती, आकारामअण्णांनी खाल्ला का म्हणून. चल की घरला. कळंबा काय लांब हाय?"

आकारामांचे डोळे भरून आले. ज्याच्यासाठी इतका कागद खर्ची घातला, तो माणूस पुढ्यात उभा होता, आणि शब्द अगदी ओठांवर आला होता. पण त्या शब्दावर विधी अधिकाऱ्यांची हरकत होती.

"तुझं म्हणणं पोचलं, भरमाप्पा," ते म्हणाले. "योग्य मार्गानं कळवतो."

भरमाप्पा डब्याचं झाकण लावून जिना उतरून गेले. आकाराम सन्मानचिन्ह पोटाशी धरून रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून राहिले.

तुम्हाला हसू आलं असेल, येऊ द्या. पण वाचताना तुम्हालाही कुणाचं तरी नाव आठवलंच आहे. आता तुम्ही या पानाचा फोटो काढाल, त्या माणसाला पाठवाल, खाली एक हसरा चेहरा टाकाल आणि निळ्या खुणा उमटतात का ते बघत बसाल. फोन मात्र लावणार नाही. तुमच्याही मजकुराला अजून वरून मान्यता यायची असेल.