हे पानी कोनं खोदलं?

कुठलंही पाणी तोंडाला लावण्याआधी लालसिंगकाका विचारत, "हे पानी कोनं खोदलं?" नाव कळलं की हात जोडून ते नाव घ्यायचे, मगच प्यायचे. फुलसावंगीच्या बाजारात त्यांनी एका हॉटेलवाल्याला इतकं पिडलं, की वैतागून त्यानं स्वतःच्या सासऱ्याचं नाव सांगितलं. काकांनी त्या सासऱ्यालाही हात जोडले.

"आमचे बापजादे बैलायवर मीठ लादून मुलुखभर फिरले. लोकायच्या इहिरीवर जगले. नाव नाई घ्याव तं काय?"

मी सहावीतून शाळा सोडून कोकणातून इकडे आलेला, किराणा दुकानात पुड्या बांधणारा. काकांनी मला तांड्यातल्या आपल्या घरात घेतलं, भाकर घातली. काकी मी येण्याआधीच गेलेल्या. काका त्यांना 'घरची' म्हणत. जुन्या रीतीचा माणूस, बायकोचं नाव कसं घेणार?

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढल्या वर्षी काकांनी हिमालयाची यात्रा काढली, सोबतीला मी. चढून चढून एका तळ्याशी पोचलो. वर बर्फाचा डोंगर, खाली हिरवं पाणी. आमचा समुद्र इतक्या वर कसा चढला, मला कळेना. काकांचा लोटा वाटेतच रिकामा झालेला, ओठ फुटलेले.

"याची पाळ कुठं हाय? कोनं खोदलं?"

"बर्फ ने बनाया, बाबा," वाटाड्या म्हणाला.

"बर्फाले हात हायेत का?"

"काका, प्या हो आता!"

"कोकण्या, बिननावाचं पानी कसं पेऊ?" म्हणताना त्यांना घेरी आली, मटकन खाली बसले. यांना काही झालं तर या एवढ्या मुलखात मला कोण होतं?

तेवढ्यात काका काठची खडी बोटांनी उकरू लागले. आपण उन्हाळ्यात सुक्या नाल्याच्या वाळूत झिरा खोदतो ना, तसा. मीही उकरू लागलो. खळग्यात पाणी झिरपलं.

"घ्या, हे तुम्ही खोदलं. आता प्या!"

"मी काहून? झिरा तं घरची खोदे. रोज, दिस निघाच्या आंधी. मी नुसता पेत राह्यलो. तिचंच पाहून शिकलो."

"मग घ्या की नाव."

उखाण्यात अडलेल्या नवरदेवासारखे काका इकडेतिकडे बघू लागले. मग हात जोडले.

"सोनीनं," ते पुटपुटले. आणि मग डोंगराकडे तोंड करून मोठ्यानं, "सोनीनं खोदलं!"

पोटभर प्याले. ओंजळ भरून माझ्यापुढे धरली.

"पे, कोकण्या. तुह्या काकीचं हाय."