एकमूळ कॉफी आणि बाहेरची वहिनी

मंडळी, असे जवळ सरका. भिंतीला टेकलेत त्यांनीही पुढे या. एका सरळ कुटुंबाची आणि त्याहून सरळ कार्यालयाची गोष्ट आहे, ऐका आणि मग खुशाल उठा.

दोन भाऊ, थोरल्याची बायको आणि चढावरचा कॉफीचा लहानसा मळा, एवढाच त्या घराचा पसारा. थोरल्याच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. फळं तोडावीत भावांनी, पण दाणे वाळवावेत वहिनींनीच. तासातासाला त्या अंगणातल्या दाण्यांवरून हात फिरवीत, एखादा दाताखाली धरीत आणि म्हणत, "अजून दोन उन्हं." ती दोन उन्हं चुकली की चव गेलीच म्हणून समजा. देवानं ज्याच्या-त्याच्या हाती काही ना काही दिलेलं असतं, यांच्या हाती हे दिलं होतं. पण ही कॉफी व्यापाऱ्याच्या पोत्यात दहा मळ्यांच्या कॉफीत मिसळून जाई. एकदा तरी ती आपल्या मळ्याच्या नावानं कुणाच्या कपात पडावी, एवढीच वहिनींची इच्छा. म्हणून त्यांनीच दिराला बसवून, कॉफी एकाच मळ्याची असल्याचा दाखला देणाऱ्या 'एकमूळ प्रमाणन कार्यालया'कडे अर्ज लिहवून घेतला.

तपासनीस आले. त्यांनी माती पाहिली, झाडं मोजली, विहीरसुद्धा हुंगली. सगळं एकाच मुळाचं निघालं. मग त्यांनी विचारलं, "वाळवतं कोण?"

"आमची ही," थोरला अभिमानानं म्हणाला. "तिच्याशिवाय कुणाला जमतच नाही."

"जन्म इथलाच?"

"छे हो! माहेर डोंगरापलीकडे. लग्न करून आणली."

तपासनिसांचं पेन थबकलं. "म्हणजे बाहेरून आणली."

"साहेब, सव्वीस वर्षं झाली!"

"मुदतीचा रकाना नाही. मूळ म्हणजे मूळ. उत्पादनात परस्थ घटक आढळला, असं नोंदवावं लागेल."

"घटक काय म्हणता? माझी वहिनी आहे ती!" धाकटा भडकला.

"भावनांसाठी पान चारवर जागा आहे. तिथे सविस्तर लिहा."

आदेश आला: परस्थ घटकानं वाळवणापासून पन्नास पावलं दूर राहावं. स्वयंपाकघर चाळीस पावलांवर होतं, म्हणून चूल गोठ्यामागे हलली. तिथून वहिनी ओरडल्या, "अहो, उलटा आता! डोळा लागला की काय?" त्यावर दुसरी नोटीस आली. तोंडी सूचना हा ध्वनिरूप परकीय संस्कार ठरला. मळ्याचं नाव लागायचं तर गप्प बसणं आलं, आणि वहिनी गप्प बसल्या.

थोरल्यानं दाणे ओलेच झाकले. धाकट्यानं वाळलेले पुन्हा पसरले आणि त्यांवर दव पडू दिलं. तिसऱ्या आठवड्यात धाकटा गोठ्यामागे आला. "वहिनी, वास मारतोय. काय करू?"

वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं नोटीस दाखवली.

शेवटी चवपारखी आले. पहिल्या घोटाला त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. त्यांनी फाइल उघडली. एक मळा, एक कुटुंब, परस्थ घटक शून्य. मग दुसरा घोट डोळे मिटून घेतला. "जुनं लाकूड... भिजलेलं पुस्तक... आणि शेवटी पोरकेपणाची हलकी छटा. अस्सल!"

वहिनींना राहवेना. पन्नास पावलांवरून त्या म्हणाल्या, "साहेब, बुरशी आलीय त्याला."

चवपारखी दयेनं हसले. "बाई, तुम्ही बाहेरच्या. या मातीची चव तुम्हाला कळायची नाही."

प्रमाणपत्र मिळालं. पाकिटावर मळ्याचं नाव आलं, खाली 'पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाच्या हातची' ही ओळ आणि दोघा भावांचा फोटो. फोटो काढायला मात्र वहिनींना बोलावलं होतं, कारण त्यासाठी बाहेरचंच माणूस लागतं.

तुम्हीही प्यायलात की ती, परवाच. पहिल्या घोटाला तुमचंही तोंड वाकडं झालं होतं. मग तुम्ही पाकीट वाचलंत, शेजारच्याकडे पाहिलंत आणि 'वा' म्हणालात. असू द्या, देव क्षमा करील. एवढंच करा, पुढच्या वेळी 'वा' म्हणण्याआधी त्या माउलीची आठवण ठेवा. तिचं नाव मात्र विचारू नका, पाकिटावर ते छापलेलं नाही.