आयत्या वेळी सुचण्याची तालीम

लहान मुलांच्या शिक्षणात कल्पकतेचं स्थान काय, हे मला विचारा! मी शिबिर केलंय. नुसतं केलं नाही, पहिल्या रांगेत बसून केलंय आणि प्रत्येक व्याख्यानानंतर इतक्या शंका विचारल्यात, की बाकीच्या बायकांचा चहा निवला. तिथून परत आले ती वेगळीच होऊन आले. नवऱ्यानं "आज भाजी कसली?" विचारलं, तरी मी म्हणायची, "तुला काय वाटतं? कल्पना कर!" त्यानं बिचाऱ्यानं थोडे दिवस कल्पना केली. मग तो विचारायचाच थांबला.

मी बालवाडीची बाई. माझ्या वर्गातल्या मुलांना डावा बूट कुठला आणि उजवा कुठला हे कळत नाही, पण कोणाच्या डब्यात काय आहे ते झाकण न उघडता कळतं. रोज शेवटचा तास आमचा मातीचा. मळलेल्या मातीचा एकेक गोळा द्यायचा आणि म्हणायचं, करा हवं ते! माझा जीव त्या तासात अडकलेला आहे. दिवसभर रडणारं पोरही त्या तासाला रडायचं विसरतं. मीही विसरते.

आमच्या सरांच्या डोळ्यांत मात्र हा तास पहिल्यापासून खुपायचा. सर म्हणजे शाळेचे मालक आणि मुख्याध्यापक, सबकुछ तेच. मूल शिकतंय ते दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आणि दिसायचं ते कागदावर.

एके दिवशी त्यांनी मला बोलावलंच. "बाई, पालक विचारतात, चिखलात हात तर मुलं घरीपण घालतात. त्यासाठी शाळा कशाला?"

"सर, मातीतून विचार घडतो!"

"घडू दे की. पण दिसू दे. शनिवारी पालकांना बोलावतो. त्यांच्यासमोर एक मातीचा तास घ्या. त्यांना पटलं तर तास राहील. नाही पटलं, तर सोमवारपासून त्या वेळात रेघा. उभ्या, आडव्या आणि तिरक्या."

"दाखवतेच!" मी म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं, की शिपाईमामा दारातून डोकावून गेले.

दुसऱ्याच दिवशी रंगीत तालीम घेतली. गोळे वाटले, लांब जाऊन उभी राहिले, शिबिरात सांगितल्याप्रमाणे चेहरा उत्सुक केला आणि मग एकेकाला विचारत निघाले.

"तू काय केलंस, बाळा?"

"साप."

"छान! आणि तू?"

"साप."

आता यात मुलांची चूक नाही. माती हातात घेतली की पोर ती वळतं, आणि वळली की तिचा साप होतो, हा निसर्गनियम आहे. पण अख्ख्या वर्गानं साप केला! बंब नावाचा आमचा एक गुबगुबीत मुलगा आहे, त्याचा साप झोपला होता आणि त्याला उठवायचं नव्हतं. एक एवढीशी मुलगी आहे, तिला आम्ही मुंगीच म्हणतो, तिचे हात रिकामे होते. "तुझा कुठंय गं?" तर म्हणाली, "तो आत्ताच गेला." राहता राहिली वकीलबाई. ही मुलगी "नमस्ते" म्हटलं तरी "का?" विचारते. ती ठणकावून म्हणाली, "माझा साप नाही!"

माझी आशा पालवली. "मग काय आहे?"

"सापाची आई."

नेमके तेव्हाच सर दारात! त्यांनी वर्गावरून नजर फिरवली. "बाई, शनिवारी पालकांना बोलवू की गारुड्यांना?" एवढंच बोलून ते गेले. डोळ्यांसमोर उभ्या, आडव्या आणि तिरक्या रेघा नाचायला लागल्या.

घरी आले ती रडवेली होऊन. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढं काय त्यात? पाठ करून घे की!"

"आई, कल्पकता पाठ करून घेत नाहीत!"

"का? पाढे पाठ होतात, ही कोण मोठी लागून गेली?"

मी शिबिरातलं सगळं त्यांना समजावून सांगितलं. मुलाला नमुना दाखवू नये, शब्द तोंडात घालू नयेत, वाट बघावी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग बस वाट बघत. शनिवार काही तुझी वाट बघत नाही."

अडला हरी, दुसरं काय! मी कामाला लागले. प्रत्येक मुलाला एक वस्तू आणि एक वाक्य वाटून दिलं. बंबला पंखांचं घर: "माझ्या घराला पंख आहेत, कारण त्याला ढग बघायचेत." मुंगीला छत्री: "ही छत्री पावसाला भिते." वकीलबाईंना बूट: "चंद्राला थंडी वाजते, म्हणून मी त्याला बूट केला." अशी एकेक वाक्यं मी रचली की माझेच डोळे भरून आले. नवऱ्याला वाचून दाखवली.

"सुरेख आहेत गं," तो म्हणाला. "पण यात मुलांचं काय?"

"मुलांचा आवाज!"

तालमी सुरू झाल्या. नुसतं वाक्य येऊन भागणार नव्हतं, ते आयत्या वेळी सुचल्यासारखं दिसायला हवं होतं. म्हणून मी तेही शिकवलं. "आधी थांबायचं. मग वर बघायचं. बाईंकडे बघायचं नाही. आणि मग हळूच म्हणायचं, हे मला आत्ताच सुचलं!" मुलं दिवसभर थांबायला आणि वर बघायला लागली. एकाच्या आईनं येऊन विचारलंसुद्धा, "बाई, शाळेच्या छताला काही झालंय का? हा घरीपण सारखा वर बघतो."

घोळ एकच होता. कोणाचं वाक्य कुठलं, ते मुलांच्या लक्षात राहीना. म्हणून मी रंगीत बसकरं आणली. लाल बसकर म्हणजे घर, निळं म्हणजे बूट, पिवळं म्हणजे छत्री. ज्यानं त्यानं रोज आपल्याच बसकरावर बसायचं. आणि काय सांगू, जादू झाली! लालवर टेकलं की घराचं वाक्य, पिवळ्यावर टेकलं की छत्रीचं! बूड टेकायचा अवकाश, तोंड सुरू! माझ्या डोक्याचं मलाच कौतुक वाटलं. शिबिरवाल्यांना पत्र लिहून कळवावं, असंही मनात येऊन गेलं.

शनिवार उजाडला. पालक मुलांच्या चिमुकल्या खुर्च्यांवर बसले, गुडघे हनुवटीला लावून. वकीलबाईंचे वडील, चष्मा लावलेले एक शांत गृहस्थ, खुर्ची मोडेल या भीतीनं उभेच राहिले. माझी मुलं आपापल्या बसकरावर टाचणीनं टोचल्यासारखी बसली होती. मी मनात म्हटलं, आता येऊ देत कोण येतंय ते!

सर आले. वर्गाकडे पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे काय? बुटकं पोर मागं आणि उंच पुढं? फोटोत काय दिसणार? उंचीप्रमाणे बसवा!"

"सर, नको! सर, मुलं आता एकाग्र..."

"शिस्त, बाई, शिस्त!" असं म्हणत त्यांनी स्वतःच्या हातांनी मुलं उचलली. बंब पिवळ्यावर, मुंगी निळ्यावर, वकीलबाई लालवर आणि बाकीची कुठंच्या कुठं. पण पालकांसमोर बोलणार काय? पोरांचं बसकर बदललं, आता त्यांना काही सुचणार नाही, असं?

माती वाटली. मुलांच्या हातांना सवय झालेली, ते आपापलीच वस्तू करत होते. पण बुडाखाली मात्र दुसऱ्याचं बसकर!

बंब उभा राहिला. थांबला. वर बघितलं. पंखांचं सुबक घर उंच धरलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "हे मला आत्ताच सुचलं. ही छत्री पावसाला भिते."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. तेवढ्यात मागून एक आई कुजबुजली, "अगंबाई! घर म्हणजे शेवटी छत्रीच की हो!" शेजारच्या बाईनं डोळ्यांना पदर लावला.

मग मुंगी उठली. छत्री पुढे करून म्हणाली, "चंद्राला थंडी वाजते, म्हणून मी त्याला बूट केला." टाळ्या! एक बाबा शेजारच्या बाबांना समजावून सांगायला लागले, की छत्रीच्या दांड्याला खाली वळण असतं, त्यामुळे त्यात बूट दिसणारच, फक्त तशी नजर हवी. मला जरा धीर आला. मीही मान डोलवायला लागले, जणू हे सगळं असंच ठरलेलं होतं. माणूस किती पटकन निर्लज्ज होतो, नाही?

मग आमच्या रेडिओची पाळी आली. या मुलाच्या कानावर पडलेलं काहीही वाया जात नाही, म्हणून त्याला रेडिओ म्हणतात. तो उठला आणि एका दमात सुरू झाला, "आधी थांबायचं मग वर बघायचं बाईंकडे बघायचं नाही आणि मग हळूच म्हणायचं..."

"हे मला आत्ताच सुचलं!" सगळ्या वर्गानं एका सुरात पूर्ण केलं.

पालक खो खो हसले. मीही हसले. "मुलं ना! भारी गमती करतात!" असं म्हणताना माझा आवाज मलाच ओळखू येईना.

आता राहिल्या वकीलबाई. त्या लाल बसकरावर बसलेल्या, हातात बूट, तोंड घट्ट मिटलेलं. बोलेचनात. शेवटी तिचे वडील पुढे आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. "काय झालं, बेटा? बोलत का नाहीस?"

"हात म्हणतो बूट आणि बसकर म्हणतं घर," ती म्हणाली. "मग मी कोणाचं ऐकू?"

"दोघांचं राहू दे. तुला स्वतःला काय सुचतंय, ते सांग."

तिनं खरंच विचार केला. ती वर बघत नव्हती, हातातल्या मातीकडे बघत होती. अख्ख्या आठवड्यात मी त्या मुलीला असा विचार करताना पाहिलं नव्हतं. मग तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि वडिलांना समजुतीच्या सुरात म्हणाली, "मला काय सुचलं, ते बाईंनी अजून सांगितलं नाही."

तुम्हाला हसू येत असेल. मला तेव्हा रडू आलं. सापाच्या आईचा शोध लावणारी मुलगी ही! तिचं डोकं मी चार दिवसांत पुसून लख्ख केलं होतं. रेघा परवडल्या, असं वाटलं. रेघा निदान आपण रेघा आहोत एवढं तरी कबूल करतात. तिचे वडील माझ्याकडे बघत होते. मी फळ्याकडे बघितलं. फळा कोराच होता, पण मी तो बराच वेळ वाचला.

सर उभे राहिले. संपलं, मी मनात म्हटलं. गेला आपला मातीचा तास!

"पालकहो, पाहिलंत?" सरांचा आवाज चक्क भरून आला होता. "बाईंनी सांगितल्याशिवाय मूल तोंड उघडत नाही! याला म्हणतात शिस्त! आणि काय ते एकमुखानं बोलणं! बाई, मला वाटलं होतं या तासात नुसता धुडगूस चालतो. माझा गैरसमज होता, मी मान्य करतो. मातीचा तास राहणार!"

टाळ्यांचा कडकडाट. पालकांनी मला गराडाच घातला. "घरी आमचं मुळीच ऐकत नाही हो, तुम्ही कसं जमवलंत?" एक आई तर माझा हात धरून म्हणाली, "बाई, पुढच्या महिन्यात मुलांना काय सुचणार आहे, ते आधी कळवाल का? आम्ही घरून करून घेऊ!"

वकीलबाईंच्या वडिलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी मुलीला कडेवर घेतलं, मातीचा बूट खिशात घातला आणि ते निघून गेले. ते मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

घरी सासूबाईंनी दारातच विचारलं, "राहिला ना तास?"

"राहिला."

"मग तोंड का पाडलंयस? मी म्हटलं नव्हतं?"

त्यांना काय सांगणार? जिंकले होते मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं असतं.

पण मीही हटणारी नाही! सगळं पुसून नव्यानं सुरुवात करायची, असं ठरवलं. सोमवारी लवकर गेले, रंगीत बसकरं कपाटात कोंबली आणि कुलूप लावलं. मुलं जमिनीवर बसवली. माती वाटली. सर्वांत मोकळं, सर्वांत प्रेमळ हसून म्हटलं, "मुलांनो, आज वाक्य नाही, काही नाही. आज जे वाटेल ते करा!"

कोणी हललं नाही. सगळी हाताची घडी घालून, मातीकडे न बघता बसून राहिली. मी वाट बघितली. शिबिरात सांगतात त्याहून जास्त वाट बघितली. शेवटी वकीलबाईंनी हात वर केला.

"बाई, 'जे वाटेल ते' कोणाचं आहे? माझं, की बंबचं?"

मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात माझं दाराकडे लक्ष गेलं. शेजारच्या शाळेच्या पाहुण्यांना घेऊन सर तिथं उभे होते. कौतुकानं नुसते फुलले होते. पाहुण्यांच्या कानात म्हणत होते, "आता बघा हं, बाईंनी सांगेपर्यंत एकसुद्धा बोलणार नाही!"

मी घसा खाकरला.

"आज बंबचं," मी म्हटलं. "तुझं उद्या."