शोकसभेत वर झालेले हात

"असं बोलेन, असं बोलेन, की दगडालाही पाझर फुटेल!" अलंकारमास्तरांनी शिक्षकांच्या खोलीत जाहीर करून टाकलं. ऐकायला होता फक्त शिपाई, आणि समोरची रिकामी खुर्ची.

मराठी शिकवणाऱ्या या मास्तरांचं हे नाव मुलांनीच ठेवलेलं. खुर्ची गणिताच्या सरांची. ते इतके ताठ बसायचे की सगळी शाळा त्यांना काटकोन म्हणायची. मागच्या आठवड्यात फळ्यावरचं उदाहरण अर्धं टाकून हा ताठ माणूस मटकन खाली बसला, तो उठलाच नाही. मास्तर एकटे राहणारे. काटकोनांची बायको, म्हणजे मास्तरांच्या वहिनी, डब्यात रोज दोघांचं जेवण भरून देत. आता शोकसभेत मित्राला साजेसा निरोप द्यायचा, वहिनींसाठी निदान तेवढं तरी करायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. चांगली चार पानं लिहिली. त्यात उपमा होत्या, रूपकं होती. काटकोन तेवढे कुठे दिसत नव्हते!

इथे मास्तरांची शिकवायची रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच झाला. व्याख्या पाठ करून घेणं त्यांना साफ नामंजूर. "अलंकार पुस्तकात नसतो रे, माणसांच्या तोंडात असतो! कानावर पडला की हात वर करायचा. विचारलं की नाव सांगायचं." उत्तर बरोबर आलं की वर्गाने टाळ्या वाजवायच्या. पोरं या खेळाने पार पछाडली होती. घरी आई "तुला हजारदा सांगितलं" म्हणाली की हात वर! शोकसभेपुरता खेळ बंद, हे सांगायचं मात्र मास्तरांच्या डोक्यातच आलं नाही.

सभागृहात नेमका हाच वर्ग पहिल्या रांगेत बसवला. वहिनी बाजूच्या खुर्चीवर, मान खाली घालून. संस्थेच्या अध्यक्षांनी घसा साफ केला.

"गणिताचे सर म्हणजे या शाळेचा दीपस्तंभ!"

पाच-सहा हात वर झाले. मास्तर दबक्या आवाजात "खाली, खाली!" करू लागले.

"आज या भिंतीसुद्धा रडत आहेत!"

आणखी हात. अध्यक्षांना गहिवरून आलं. "बघा! लेकरंसुद्धा हात वर करून साक्ष देताहेत!" मग काय, त्यांना चेवच चढला. "या माणसाने आयुष्यात कधी, कधीही, कुणावर आवाज चढवला नाही!"

अख्ख्या रांगेचे हात वर!

"बोल बाळ," अध्यक्ष दोन वेण्यांवालीला म्हणाले, "काय सांगायचंय तुला?"

ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अतिशयोक्ती!"

अध्यक्षांचा चेहरा बघवेना.

"कोणी शिकवलं हे?"

"आमच्या सरांनी!" सगळी बोटं मास्तरांकडे वळली. मुख्याध्यापिकाबाईंनी कपाळाला हात लावला.

"मग आता त्यांनाच बोलू द्या," असं म्हणून अध्यक्ष धपकन खाली बसले.

मास्तर उभे राहिले. पानं उघडली. पहिलंच वाक्य होतं, 'मित्रा, तू गेलास आणि भरदुपारी सूर्य मावळला.' ते वाचताच समोर कोपरं हलायला लागली. त्यांनी दुसरं वाक्य पाहिलं, तिथेही तीच गत. तिसऱ्यात तर दोन-दोन! चार पानांत एक सरळ वाक्य सापडेना. सोबत जेवणारा माणूस गेला होता, आणि त्याच्यासाठी आपण नुसती आरास करून आणली, हे कळून त्यांना रडूच आलं. त्यांनी पानं खिशात कोंबली.

"डबा उघडला की तो आधी झाकणात माझा वाटा काढायचा," ते म्हणाले. "मग चष्मा शर्टाला पुसायचा. चष्मा आणखीच खराब व्हायचा. मग म्हणायचा, 'आटप, घंटा होईल.' आता मी एकटाच बसतो. घंटा लवकर होत नाही."

वहिनींनी डोळ्यांना रुमाल लावला. आणि दोन वेण्यांवालीचा हात वर!

"आता काय गं?" मास्तरांनी डोळे पुसत विचारलं.

"स्वभावोक्ती, सर. जसं आहे तसं सांगितलंत."

वर्षभर घसा कोरडा करूनही हा एक अलंकार एकालाही ओळखता आला नव्हता. मास्तरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "शाब्बास! अगदी बरोबर!"

आणि भर शोकसभेत वर्गाने कडकडून टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष तरातरा निघून गेले.

दारात वहिनी थांबल्या. "भावजी, जेवणाचं काय करता हल्ली?"

"माझं काय, वहिनी! मला भूकच लागत नाही."

मागे पोरं उभी होती. सगळ्यांचे हात वर.

वहिनी त्या हातांकडे बघत राहिल्या. "उद्या डबा पाठवते," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मास्तरांनी डबा उघडला. वहिनींनी सवयीने दोघांचं भरलं होतं.