रूडी सालमेलाची लाल गाडी

रूडी सालमेला दूध आणायला निघाला होता. नुसतं दूध घेऊन परत आला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण दुकानाच्या कोपऱ्यात डेल्बर्ट कॉफी पीत बसला होता. डेल्बर्ट म्हणजे रूडीच्या बायकोचा धाकटा भाऊ, आणि तो नुसता दिसला तरी रूडीचं डोकं तापायला सुरुवात होते.

"काय दाजी, आज पायीच?" डेल्बर्टने विचारलं. "गाडी अजून रुसलेलीच आहे वाटतं?"

आदल्या दिवशी गोठलेल्या तळ्याच्या मधोमध रूडीची स्नोमोबिल, म्हणजे बर्फावरची गाडी, कायमची गचकली होती, आणि डेल्बर्टने आपल्या कोऱ्या गाडीला दोरी बांधून ती काठापर्यंत ओढत आणली होती. (मासेमारीच्या स्पर्धेचा दिवस. सगळं गाव काठावर.) त्यातून डेल्बर्टची गाडी पिवळी आणि रूडीची लाल. आता आमच्या या वरच्या मिशिगनात माणूस एक तर लालवाला असतो, नाहीतर पिवळावाला. तो चर्च बदलेल, बायको बदलेल, पण गाडीची कंपनी बदलणार नाही. रूडीचे वडील तर पिवळ्या गाडीवरून आलेल्या पाहुण्याला कॉफीसुद्धा विचारत नसत.

"तुझ्या त्या पिवळ्या डब्यात बसण्यापेक्षा मी पायी फिरेन!" रूडी गरजला.

"फिरताच आहात, दाजी."

दुकान खदखदून हसलं आणि रूडीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने मूठ टेबलावर आपटली. "ऐका रे सगळे! माझ्या अंगणात कधी पिवळी गाडी दिसली, तर वर्षभर याच्या सौनाची लाकडं मी फोडीन!"

कुणी पैज लावली नव्हती. कुणी काही विचारलंही नव्हतं. दर शनिवारी डेल्बर्टच्या सौनात त्याचं अख्खं खटलं, वर शेजारीपाजारी, वाफ घेत बसतात. त्या भट्टीला लाकूड किती लागतं याचा विचार रागाच्या भरात कोण करतो? रूडी तणतणत दाराकडे वळला, तर तिथल्या फळ्यावर कागद : 'जुनी स्नोमोबिल. लाल. किरकोळ दुरुस्ती.' त्याने कागद टरकावला आणि तडक निघाला. दूध राहिलंच.

गाडी विकणाऱ्या म्हाताऱ्या हर्शेलच्या ओसरीत बॅगा भरून तयार होत्या. हिवाळाभर तो फ्लोरिडाला चालला होता. (शहाण्या माणसाला एवढ्यावरून शंका यावी.)

"किरकोळ म्हणजे काय?" रूडीने विचारलं.

"चालत नाही, एवढंच."

रूडीने ती भाड्याच्या टेम्पोवर घालून घरी आणली. बायको, व्हर्ना, दारात उभी.

"दूध?"

"अगं, बाहेर बघ तरी काय आणलंय!"

व्हर्नाने बघितलं. "याचं दूध निघतं?"

गॅरेजमधल्या थंडीत पान्याला बोटं चिकटत होती. म्हणून व्हर्ना बाहेर गेल्याचं बघून रूडीने गाडीचा तुंबलेला कार्ब्युरेटर तिच्या सूपच्या पातेल्यात उकळायला ठेवला. शेजारी ओट्यावर चर्चच्या विक्रीसाठी भाजलेले वेलचीचे गोड पाव निवत होते. पावांनी पेट्रोलचा वास मनसोक्त पिऊन घेतला. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पहिला घास पास्टरने घेतला, आणि व्हर्ना घरी आली ती दातओठ खातच.

"यापुढे त्या खटाऱ्याचा एक स्क्रू जरी उंबऱ्याच्या आत आला ना रूडी, तर त्याच्यासकट तू बाहेर झोपशील!"

"त्या पास्टरला कधी काही गोड लागलंय का!" रूडी म्हणाला. पण गॅरेजमध्ये गेल्यावर म्हणाला.

सगळा राग त्याने गाडीवरच्या गंजावर काढला. खरवडता खरवडता बॉनेटचा लाल पोपडा निघाला. खाली पिवळं. दुसरीकडे खरवडलं, तिथेही पिवळं. जितका तो चिडला तितकं जास्त खरवडलं, आणि जितकं खरवडलं तितकी गाडी पिवळी होत गेली. त्याने हर्शेलला फोन लावला. 'मी समुद्रावर गेलोय, निरोप ठेवा,' असं मशीन म्हणालं. रूडीने टेप संपेपर्यंत निरोप ठेवला. त्यातला एक शब्दही इथे लिहिता येणार नाही.

वर तुटलेला पट्टा बदलायला पिवळ्या कंपनीचाच पट्टा हवा, आणि तो होता फक्त डेल्बर्टच्या शेडमध्ये.

"तू माग," रूडी व्हर्नाला म्हणाला. "कशाला हवाय ते सांगू नको."

"मग काय सांगू? सूपमध्ये घालायचाय?"

पण बिचारी गेली आणि पट्टा घेऊन आली.

"काही म्हणाला?"

"नाही. नुसता हसला."

उरला रंग. "या थंडीत रंग धरणार नाही," व्हर्ना म्हणाली. ते रूडीलाही ठाऊक होतं. पण गाडी घरात न्यायला बंदी, आणि बायकोपुढे नाक घासायची तयारी नाही. त्याने कुडकुडत, शिव्या घालत लाल रंगाचे हात मारले. मग इंजिन सुरू करायच्या दोरीला हिसका दिला. पहिल्याच हिसक्याला इंजिन सुरू झालं! याचा त्याला सगळ्यात जास्त संताप आला. जन्मभरात त्याची एकही लाल गाडी अशी सुरू झाली नव्हती.

रविवारी पुन्हा सगळं गाव तळ्यावर. आणि तळ्याच्या मधोमध डेल्बर्टची कोरी गाडी गप्प उभी, डेल्बर्ट हात हलवतोय!

"दाजी, तेवढी मेहेरबानी करा!"

रूडीने दोरी बांधली. गाठ हौसेने दोनदा आवळली. मग वाटभर तो मान मागे वळवून डेल्बर्टकडेच बघत राहिला. "कोण कोणाला ओढतंय रे? मोठ्याने सांग!" डेल्बर्ट सारखा तोंडावरून हात फिरवत होता. रडतोय, रूडीला वाटलं. काठावर लोक टाळ्या पिटायला लागले. काही जण तर पोट धरून खाली बसले. रूडीने एक हात उंच केला.

थांबल्यावर त्याने पहिल्यांदाच पुढे बघितलं. बॉनेट पिवळंधमक.

डेल्बर्टने मिशीत अडकलेला लाल पोपडा काढून त्याच्या हातावर ठेवला. "हे तुमचं, दाजी." मग आपल्या गाडीची किल्ली फिरवली. गाडी सुरू. "बंद कुठे पडली होती? ताई पट्टा न्यायला आली तेव्हाच कळलं. म्हटलं, दाजींची पिवळी ओढते कशी ते तर बघू."

"मी अंगणात म्हणालो होतो!" रूडी किंचाळला. "हे तळं आहे!"

"मग घरी कशी नेणार?" व्हर्नाने विचारलं. "खांद्यावर?"

तेव्हापासून दर शनिवारी रूडी करवादत लाकडं फोडतो, आणि गाडीला घसरगाडी जोडून डेल्बर्टच्या सौनाकडे नेतो. जुनी गाडी आहे, आज ना उद्या बिघडेलच, मग निदान एका शनिवारची सुट्टी मिळेल, या आशेवर तो दोरीला अगदी हलका, नाराजीने हिसका देतो.

गाडी पहिल्याच हिसक्याला सुरू होते.